बाबांना सांगायचं कोणी?

प्रश्न : ताई, आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा, दुसरीत आहे. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. नातवावर त्यांचा फार जीव आहे, त्याला ताप आला तर रात्रभर उशाशी बसतात. पण देवाजवळ दिवा लागला की त्याला समोर बसवून पाढे घेतात. तेराचा चुकला की डोक्यात टपली, नाहीतर कान पिळणं. वर "ढ आहेस", "तुझा दादा तुझ्या वयात वीसपर्यंत म्हणत होता", "काहून रडून राहिला पोरीसारखा?" हे चालूच. कधी पाहुण्यांसमोरसुद्धा. हल्ली दिवेलागणीला त्याचं पोट दुखतं. मी एकदा मध्ये बोलले, तर घरात अबोला झाला. नवरा म्हणतो, "आम्ही काय मार खाल्ला नाही? बिघडलो का? आणि बाबांना सांगणार कोण?" बाबांना न दुखवता हे थांबवायचं कसं?
– एक आई, नागपूर

उत्तर : पोट दुखतं हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, मला मात्र सगळ्यात आधी तेच दिसलं. ते नाटक नाही. भीतीनं लहान मुलांचं पोट खरोखर दुखतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. पण आजोबा बाहेरगावी असताना ते दुखत नसेल, तर कारण तुमच्याच घरात आहे.

आता दोन गोष्टी वेगळ्या करा. टपली थांबणं आजपासून हवं. बाबांचं मत बदलायला काही महिने लागतील, आणि तोवर मुलानं मार खात राहावं असं होऊ शकत नाही. म्हणून पुन्हा हात उठला तर वाद न घालता उठायचं, मुलाचा हात धरायचा, "चल, आधी पाणी पी" म्हणून त्याला आत न्यायचं. आत गेल्यावर त्याला स्पष्ट सांगा : पाढा चुकला म्हणून कुणी मारायचं नसतं, यात तुझी काही चूक नाही, आणि आजोबांचं तुझ्यावर प्रेम आहे. सात वर्षांच्या मुलाला या तिन्ही गोष्टी एकत्र समजतात. त्याची आई गप्प बसली, एवढंच त्याच्या लक्षात राहायला नको.

बाबांशी बोलायचं तुमच्या नवऱ्यानं. सून बोलली की आपल्याकडे तो सासऱ्यांचा अपमान ठरतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. मुलगा बोलला तर राग आला तरी तो घरातला राग असतो. पण त्याआधी नवऱ्याचं मन वळवावं लागेल. "आम्ही बिघडलो का?" या प्रश्नाच्या उत्तरात चुकूनही "हो" म्हणू नका, कारण त्यात त्यांच्या आई-वडिलांनी त्यांना नीट वाढवलं नाही असा आरोप येतो. त्यापेक्षा निवांत असताना विचारा, "तुम्हाला मार बसला तेव्हा काय चुकलं होतं, आठवतं?" मी हा प्रश्न पुष्कळ बाबा लोकांना विचारलाय. खोलीचा कोपरा आठवतो, फूटपट्टी आठवते, बाजूला कोण हसत होतं तेही आठवतं. गणित कोणतं होतं, ते सहसा आठवत नाही. मग म्हणा, "तुम्ही चांगले निघालात ते रात्रभर उशाशी बसणाऱ्या बाबांमुळे, टपलीमुळे नाही." मला हे मनापासून खरं वाटतं. तुमच्या नवऱ्यालाही पटेल.

बोलण्याची वेळ सकाळची. बाबा फिरून आले, चहा झाला, पेपर चाळून झाला की. मुलगा शाळेत असावा, सासूबाई स्वयंपाकघरात. बोलणं थोडकं हवं : "बाबा, पाढे तुम्हीच घ्या, तुमच्यासारखे आम्हाला येत नाहीत. फक्त हात लावायचा नाही, आणि पाहुण्यांसमोर ढ म्हणायचं नाही. संध्याकाळी त्याचं पोट दुखून राहिलं, मला पाहावत नाही." बस्स. बालमानसशास्त्रावरचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ त्यांना पाठवू नका. कायदाही काढू नका. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला, त्याच्या सतराव्या कलमानं मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, पण ती शाळेत. शाळेत असं घडलं तर ते कलम जरूर दाखवा. घरात दाखवलंत तर बाबा आरोपी होतील, आणि आरोपी माणूस स्वतःचा बचाव करण्यापलीकडे काही ऐकत नाही.

बाबा रागावतील. "मग तुम्हीच पाहा तुमच्या पोट्ट्याचं, मी बोलतच नाही त्याच्याशी," असं म्हणतील. हे धरून चाला आणि घाबरू नका. खरं काम त्यानंतरचं आहे. त्यांच्या हातातली सत्ता काढून घेतलीत, तर त्याजागी मानाचं काहीतरी द्यायला हवं. तुमच्या सासऱ्यांच्या वयाच्या पुष्कळांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असते. तुमच्या मुलाच्या शाळेत ती बहुधा कुणी शिकवत नसेल. रविवारी दोघांना गोकुळपेठ मार्केटात भाजीला पाठवा. भेंडी ८० रुपये किलो, तर पाव किलोचे किती? कांदे ३० रुपयांनी अडीच किलो घेतले तर? बाबा "पंच्याहत्तर" म्हणतील तेव्हा भाजीवाल्याचा कॅल्क्युलेटर अजून खिशातच असेल. हे बघून पोरगा विचारेल, "आबा, कसं केलं?" परीक्षा घेणाऱ्या आजोबांना तो हा प्रश्न कधीच विचारणार नव्हता.

घाबरल्यावर पाढा का अडतो, हेही बाजारातून आल्यावर सहज बोलता येईल. अठ्ठ्याहत्तर म्हटल्यावर पुढचं एक्याण्णव काढायला आधीचा आकडा मनात धरून ठेवावा लागतो. मुलाचं अर्धं लक्ष आजोबांच्या हाताकडे असलं की तो आकडा निसटतो. म्हणजे टपली ज्यासाठी मारली, तेच टपलीमुळे होत नाही. बाबा हिशेबी माणूस दिसतात, हा हिशेब त्यांना कळेल. (एरवीही तो फार अडखळत असेल, तर त्याला फळ्यावरचं नीट दिसतं ना, हे शाळेतल्या बाईंना विचारा. चष्मा लागायची वेळ आलेली पोरं कितीदा ढ ठरतात!)

मी महालात बालवाडी चालवत होते, तेव्हा एक आजोबा नातीला सोडायला येत आणि दारातच "बावळट आहे हो, बाई, ही" म्हणत. तिच्यासमोर. पेशानं सुतार. मी त्यांना काही न सांगता विनंती केली, की आमच्या पाटांचे पाय डुगडुगतात, एक सकाळ येऊन बघता का? आले. हातोडी चालवता चालवता त्यांची नजर नातीवर. ती चिंचोके मोजत होती. सोळा, सतरा, मग एकदम वीस. आजोबांनी तोंड उघडलं, मी मानेनंच नको म्हटलं. ती थांबली, सगळे चिंचोके परत ओढले, एकापासून सुरुवात केली आणि अठरावर पोचल्यावर स्वतःच मोठ्यांदा "हां!" म्हणाली. आजोबा एवढंच म्हणाले, "येते की हिला." दारातलं ते बोलणं त्यानंतर बंद झालं. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मोठ्या माणसांच्या बाबतीतही मला हाच मार्ग दिसतो. त्यांना जे येतं, जिथे त्यांचा मान आहे, तिथे आपण जायचं आणि मूल त्यांच्या नजरेसमोर ठेवायचं.

"पोरीसारखा रडतो" याला मात्र तुम्ही स्वतः, तिथल्या तिथे, हसतमुखानं उत्तर द्या : "बाबा, दुखलं की मुलगाही रडतो." दर वेळी, याच शब्दांत, आवाज न चढवता. आणि बाबा ज्या संध्याकाळी न रागावता पाढे घेतील, त्या रात्री तुमच्या नवऱ्यानं त्यांना सांगावं, "आज तो खूश होता." हे सांगायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या फ्लॅट स्कीममध्ये तळमजल्यावरचे काका मुलांचा बॉल आला की परत देत नाहीत, सायकलवरूनही ओरडतात. बाकी पालक म्हणतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना सुनावू.
– एक बाबा, मनीषनगर

उत्तर : मीटिंगमध्ये नको. चारचौघांत सुनावलेला माणूस दुसऱ्या दिवशी पार्किंगला साखळी लावतो. आधी एकट्यानं जाऊन विचारा, की नेमका त्रास कशाचा. पुष्कळदा दुपारची झोप किंवा घरात आजारी माणूस निघतं. मग मुलांनाच पाठवा. दोघं-तिघं पुरेत, आणि वेळ त्यांनीच सुचवावी : "काका, पाचनंतर खेळलो तर चालेल का?" मुलं आपल्याशी बोलायला येतात, याचं अशा माणसांना अप्रूप असतं.

तान्हा पोळा आहेच. मुलं लाकडी बैल सजवून बोजारा मागायला निघतील, तेव्हा पहिलं दार काकांचं ठेवा आणि आदल्या दिवशी त्यांना सांगून ठेवा, म्हणजे सुट्टे पैसे तयार असतील. बैलांच्या सजावटीचं परीक्षण करायलाही त्यांनाच बोलवा. बॉलचं बोलणं त्या दिवशी काढू नका, आठवड्यानं काढा.