पऱ्हाटीपासून फरफ्युरल: नव्याने सुरुवात करताय?

भाऊ, फरफ्युरल (वनस्पतींतल्या साखरेपासून होणारं रसायन) बनवायचं म्हणून पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, भुगा थेट रिअॅक्टरमध्ये ओतायची घाई करू नको. आधी शुद्ध झायलोज घे, म्हणजे जिच्यापासून फरफ्युरल होतं ती साखर. हिशेब सोपा आहे: प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू गेले की १५० ग्रॅम झायलोजचं जास्तीत जास्त ९६ ग्रॅम फरफ्युरल होतं. तुझा आकडा त्याच्या वर गेला तर शोध लागलेला नाही, मोजणी चुकली आहे.

उत्प्रेरक म्हणून सगळे अॅम्बरलिस्ट-१५ हे आम्लधर्मी रेझिन उचलतात, कारण बाटली समोरच असते. पण ते १२० अंशांपर्यंतचंच. त्यापुढे त्याचे सल्फोनिक (आम्लाचे) गट सुटून पाण्यात येतात आणि काम विरघळलेलं आम्लच करतं. यात माझे चार महिने गेले. ओळखायचं कसं? अभिक्रिया अर्ध्यावर आली की गरम असतानाच गाळ आणि गाळलेलं पाणी पुन्हा तापव. उत्प्रेरक न घालता केलेल्या ब्लँकपेक्षा फरफ्युरल वेगानं वाढलं, तर घन उत्प्रेरक नावालाच.

पऱ्हाटीकडे वळशील तेव्हा ती आधी धुऊन घे. तिच्या राखेतलं पोटॅशियम आम्लाच्या जागा अडवून बसतं. मग दोष उगाच उत्प्रेरकाला.

झिओलाइट (दुसरा एक घन, सच्छिद्र उत्प्रेरक) वापरलंस आणि ते काळं पडलं तर ते बहुतेक ह्युमिन, म्हणजे साखर आणि फरफ्युरल एकमेकांना चिकटून झालेला काळा थर. हवेत ५५० अंशांना जाळून काढता येतं. रेझिन मात्र भट्टीत घालू नको (हसू नको, एकानं घातलंय).

आणि नमुने फ्रीजमध्येच ठेव. नागपूरच्या मे महिन्यात टेबलावर राहिलेलं पिवळसर फरफ्युरल बघता बघता टपरीवरच्या कोऱ्या चहासारखं होतं.