वाचकांचे प्रश्न : भाजीच्या हंगामी वाट्याविषयी

हंगामाच्या सुरुवातीलाच शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि पुढे दर आठवड्याला त्याच्या शेतात जे पिकेल त्यातला आपला वाटा घरी आणायचा, या पद्धतीविषयी मागील अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही जूनमध्ये मुळशी तालुक्यातील एका शेताचे सभासद झालो आणि सप्टेंबरअखेरपर्यंतचे पैसे आगाऊ भरले. सुरुवातीला भेंडी, गवार, वांगी अशी भरलेली टोपली येत असे. जुलैच्या मध्यापासून मात्र दोडका, भोपळा, अळू आणि माठ यांपलीकडे फारसे काही येत नाही. टोमॅटो एकदाही आला नाही आणि कोथिंबीर आली ती चिखलाने माखलेली. बाजारात तेवढ्याच पैशांत मनासारखी भाजी मिळते. पैसे परत मागावेत का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : पैसे परत मागण्यापूर्वी सभासदत्वाचा कागद काढून पाहावा. त्यावर आठवड्याला अमुक किलो आणि अमुक प्रकारच्या भाज्या असा शब्द दिलेला असेल, तर आपली तक्रार रास्त आहे आणि ती भीड न बाळगता मांडावी. परंतु बहुतेक शेते ‘जे पिकेल त्यातील वाटा’ एवढेच कबूल करतात. तसे असेल तर त्या शेताच्या चार महिन्यांच्या मशागतीत आपण हिस्सा घेतलेला आहे आणि त्या हिश्शात पाऊस, कीड आणि करपाही (पाने-फळे करपवणारा रोग) आला.

टोपलीचे आपण केलेले वर्णन वाचून शेतकऱ्याने काही लपवले असेल असे वाटत नाही, कारण मुळशीच्या पावसात उघड्या रानात याहून वेगळे फारसे येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पट्ट्यात दिवसेंदिवस ऊन पडत नाही. पाने सतत ओली राहिली की टोमॅटोवर करपा येतो, फुले गळतात आणि फवारणीवर फवारणी केल्याखेरीज झाड तग धरत नाही. मेथी आणि कोथिंबीर पाणी साचलेल्या वाफ्यात मुळापासून सडतात. जी वाचते तिच्या पानांवर पावसाच्या माऱ्याने उडालेली माती बसते, आणि तीच आपल्याला टोपलीत दिसली. याउलट मांडवावर चढलेला दोडका, पडवळ, काकडी आणि भोपळा यांना हा काळ मानवतो, तर अळूला पाण्याचा ओघळच लागतो. श्रावण-भाद्रपदाच्या स्वयंपाकात अळूचे फदफदे, भोपळ्याचे घारगे आणि ऋषिपंचमीची भाजी आहे ती याच रानातून आलेली.

बाजारात याच दिवसांत टोमॅटो मिळतो, हे खरे आहे. मार्केट यार्डात जुन्नर, नाशिक, सातारा अशा अनेक भागांतून माल येतो, त्यामुळे एका तालुक्यातला पाऊस आपल्या पिशवीपर्यंत पोहोचत नाही. आपला वाटा एकाच शेतातून येतो, म्हणून तिथला प्रत्येक ओला आठवडा त्यात उमटतो. ही अडचण जुनी आहे आणि ती सर्वत्र आली आहे. जपानमध्ये शेतकरी आणि शहरी कुटुंबे यांच्यातील अशा थेट व्यवहाराला ‘तेइकेइ’ म्हणतात. तेथील सेंद्रिय शेती संघटनेने १९७८ मध्ये त्याची दहा तत्त्वे मांडली तेव्हा, शेतातून आलेला सगळा माल कुटुंबांनी स्वीकारावा आणि आपला आहार शक्य तितका त्यावर बेतावा, ही गोष्ट त्यात स्पष्टपणे घातली. ही अट जाचक वाटेल, पण ती काढली की उरतो तो नेहमीचाच भाजीवाला, फक्त पैसे आधी घेणारा.

मात्र ही जबाबदारी एकट्या सभासदाची नाही. काय बुडाले, का बुडाले आणि पुढच्या आठवड्यात काय येईल हे शेतकऱ्याने न विचारता कळवले पाहिजे. व्हॉट्सॲपवर वाफ्याचा एक फोटो आणि दोन ओळी पुरतात. आपल्या शेतकऱ्याने तसे कळवले नसेल, तर तक्रार त्याबद्दल करावी. टोपली भरलेली दिसावी म्हणून मार्केट यार्डातून भाजी आणून ती आपल्या शेतातली म्हणून कोणी देत असेल, तर मात्र तेथे एक दिवसही थांबू नये. माझ्या मते या पद्धतीत रिकामी टोपली क्षम्य आहे, परक्या शेतातली भरलेली टोपली नाही.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. जून ते सप्टेंबर एवढाच वाटा घेऊन आपण वर्षातील सर्वांत अवघड महिने निवडले आहेत. ऑक्टोबरपासून पुढे मेथी, पालक, चाकवत, चुका, मुळा, गाजर, नवलकोल, पावटा, हरभऱ्याचा कोवळा पाला असे सगळे एकदम येऊ लागते आणि जानेवारीत भोगीच्या भाजीसाठी बाजारात जावेच लागत नाही. शेतकरी तयार असेल तर पैसे परत घेण्याऐवजी पावसाळ्यातील तूट हिवाळ्याच्या वाट्यात वळती करून घ्यावी.

प्रश्न : माझी पुरंदर तालुक्यात दीड एकर बागायत आहे, पाणी विहिरीचे. पुण्यातील काही कुटुंबांना असा वाटा द्यावा असे मनात आहे. किती कुटुंबे घ्यावीत, दर काय ठेवावा आणि यासाठी परवानगी लागते का? (सासवडजवळील एक शेतकरी)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे आपला माल थेट कुटुंबांना विकण्यास समितीची आडकाठी नाही.

कुटुंबांची संख्या ठरवताना चांगला आठवडा डोळ्यांसमोर ठेवू नये. सर्वांत कमी माल निघणाऱ्या आठवड्यात जितक्या टोपल्या मानाने भरतील, तितकेच सभासद पहिल्या वर्षी घ्यावेत. चांगल्या आठवड्यात उरलेला माल सासवडच्या बाजारात किंवा पुण्यातील शेतकरी आठवडे बाजारात जाईल. नव्या माणसाची गफलत होते ती बहुधा पेरणीच्या वेळापत्रकात. बाजारासाठी पिकवणारा शेतकरी अर्धा एकर मेथी एकदम टाकतो आणि एकदम उपटतो. टोपलीसाठी तीच मेथी दर आठ-दहा दिवसांनी दोन-दोन वाफ्यांत टाकावी लागते. मेथी महिन्याभरात निघते, पालक पाच आठवड्यांत, मुळा साधारण दीड महिन्यात. भेंडी आणि गवार दीड-दोन महिन्यांत सुरू होतात आणि पुढे कित्येक आठवडे तोड देत राहतात. कोबी-फ्लॉवरने मात्र अडीच-तीन महिने वाफा अडवून ठेवला तरी गड्डा एकदाच मिळतो, आणि सगळे रोप एकाच दिवशी लावले असेल तर प्रत्येक टोपलीत तीन आठवडे कोबी आणि नंतर काहीच नाही, अशी गत होते. म्हणून कागदावर आधी टोपली भरावी, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काय द्यायचे ते ठरवावे, आणि तेथून मागे मोजत पेरणीची तारीख काढावी. वेळापत्रकाचा हा कागद भिंतीवर लावण्याइतका मोठा असावा.

आपल्या तालुक्याला एक सोय आहे. मुळशीसारखा पाऊस तेथे पडत नाही, त्यामुळे पावसाळी वाटाणा ही पुरंदरची खासियत ठरली आहे. पुण्यातल्या कुटुंबाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताज्या वाटाण्याच्या शेंगा मिळाल्या तर ते कुटुंब आपल्याला सोडणार नाही. बांधावर अंजीर किंवा सीताफळ असेल, तर त्यातला थोडा भाग बाजारात न पाठवता टोपलीसाठी राखावा. अडचण आहे ती उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये विहीर तळ गाठत असेल तर त्या दोन महिन्यांचा वाटा विकूच नये. दहा महिन्यांचे पैसे घेऊन दहा महिने भाजी देणे बरे, कारण बारा महिन्यांचे घेऊन शेवटी तोंड चुकवण्याची वेळ आली तर पुढच्या वर्षी कोणी दारात उभे राहत नाही.

दर ठरवताना बाजारभाव समोर ठेवून त्यात थोडे कमी-अधिक करण्याचा मोह होतो, तो टाळावा. बियाणे, रोपे, शेणखत, मजुरी, वीज, टेम्पोचे भाडे असा हंगामाचा सगळा खर्च मांडावा, त्यात घरच्या माणसांची मजुरी धरावी (ती धरायला बहुतेक जण विसरतात), मग अडीअडचणीसाठी थोडी रक्कम मिळवून बेरजेला सभासदांच्या संख्येने भागावे. जो आकडा येईल तोच वाट्याचा दर. जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या बुशबर्गहोफ या शेताने १९८८ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथे वर्षाचा खर्च सभासदांपुढे ठेवला जातो, प्रत्येक कुटुंब आपण किती देऊ शकतो ते सांगते आणि बेरीज पुरी होईपर्यंत आकडे पुन्हा मागितले जातात. ऐपत असलेला जास्त देतो, नसलेला कमी, टोपली मात्र ऐपतीप्रमाणे बदलत नाही. आपण पहिल्याच वर्षी इतके करू नये, पण खर्चाचा कागद सभासदांना दाखवायला हरकत नाही. पैसे दोन-तीन हप्त्यांत घ्यावेत, आणि घरोघरी पोहोचवण्याच्या फंदात न पडता एखाद्या सोसायटीच्या आवारात ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी टोपल्या उतरवाव्यात. नाहीतर नफा डिझेलमध्ये जातो.

प्रश्न : शेतकरी आपली भाजी सेंद्रिय असल्याचे सांगतो, पण त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. विश्वास ठेवावा का? (ठाणे)

उत्तर : प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून शेतकऱ्याला खोटे ठरवू नये. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांत प्रमाणपत्राच्या अटीतून सवलत आहे. फक्त त्याला ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालावरचे सरकारी चिन्ह वापरता येत नाही. कमी खर्चाचा मार्ग पीजीएस या सहभागी हमी पद्धतीचा आहे. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो आणि एकमेकांची हमी घेतो. आपला शेतकरी एकटाच असेल तर त्याला ते जमणार नाही.

अशा वेळी शेतावर जाऊन पाहणे हाच उपाय आहे, आणि वाट्याच्या पद्धतीत तो सभासदाचा हक्क समजला जातो. पानाला भोके आहेत म्हणजे औषध मारलेले नाही, ही समजूत सोडावी. औषध उशिरा मारले तरी भोके तशीच राहतात. खत कोठून येते, मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडला तर काय फवारतात, दशपर्णी अर्क (दहा झाडांच्या पाल्याचा कीडनाशक अर्क) किंवा जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रवखत) स्वतः करतात तर ते पिंप कोठे आहे, हे विचारावे. शेजारच्या उसावर किंवा द्राक्षावर फवारणी होते तेव्हा वारा कोणीकडून असतो, हेही विचारावे. ज्याचे रान खरोखर तसे असते तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट जेवायची वेळ होईपर्यंत बोलत राहतो.

प्रश्न : आम्ही यंदा येथील एका शेताचा वाटा घेतला आहे. जूनमध्ये स्विस चार्ड, कोहलराबी, केल, टर्निप आणि लसणाचे हिरवे वेटोळे दांडे येत आहेत. यांचे मराठी पद्धतीने काय करावे? आणि ऑगस्टमध्ये भारतात येणार आहोत, त्या आठवड्यांचे पैसे परत मिळतात का? (बॉस्टनजवळ, मॅसॅच्युसेट्स)

उत्तर : अमेरिकेत ही पद्धत रुजली तीच आपल्या भागात. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील साऊथ एग्रिमाँट येथील इंडियन लाइन फार्म आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधील टेम्पल-विल्टन या दोन शेतांनी ती सुरू केली. तेथे मेपर्यंत थंडी हटत नाही, म्हणून जूनची टोपली पाल्याचीच असते. टोमॅटो आणि मक्यासाठी ऑगस्टची वाट पाहावी लागते.

कोहलराबी म्हणजे आपला नवलकोल. हरभऱ्याची डाळ घालून त्याची नेहमीची भाजी करावी, आणि कोवळा असेल तर किसून दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर करावी. चार्ड ही बीटचीच जात आहे, त्यामुळे तिला बीटच्या पाल्यासारखा थोडा मातकट वास असतो. डाळ-दाणे घालून ताकातली पातळ भाजी केली की तो जातो. तिचे रंगीत देठ टाकू नयेत, ते बारीक चिरून फोडणीत आधी परतावेत. टर्निपचा पाला मुळ्याच्या पाल्यासारखा बेसन पेरून करावा आणि कंद किसून थालिपीठात घालावेत. केलची मधली शीर काढून, अगदी बारीक चिरून, कोथिंबीर वडीच्या रीतीने वड्या वाफवाव्यात. कच्च्या सॅलडात ती जितकी चिवट लागते तितकी येथे लागत नाही. लसणाच्या दांड्यांचा ठेचा करावा. हिरव्या मिरच्यांबरोबर तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून, मीठ आणि दाणे घालून जाडसर कुटला की तो फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो.

जुलैमध्ये शेतावर गेलात तर वाफ्यांमधल्या मोकळ्या जागेत घोळ दिसेल. बहुतेक शेतकरी तिला तण म्हणून उपटून टाकतात आणि मागितल्यास आनंदाने नेऊ देतात. तिच्याजवळच तिच्यासारखीच जमिनीलगत पसरणारी दुसरी एक वनस्पती उगवते, म्हणून देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही आणि खाण्याजोगीही नाही.

पैशांबाबत बोलायचे तर, शेतकऱ्याने खर्च आधीच केलेला असल्यामुळे सुट्टीच्या आठवड्यांचा परतावा बहुतेक शेते देत नाहीत. आपल्या नावाने दुसऱ्याने टोपली नेली तर मात्र सहसा चालते. ऑगस्टच्या टोपल्या वर्षातल्या सर्वांत भरलेल्या असतात, तेव्हा त्या द्यायला शेजारी आधीच ठरवून ठेवावा.

प्रश्न : आम्ही दोघेच आहोत. पूर्ण वाटा संपत नाही आणि पालेभाजी पिवळी पडते. (नाशिक)

उत्तर : अर्धा वाटा मिळत नसेल तर शेजाऱ्यांशी मिळून एक घ्यावा. पालेभाजी न धुता, पिवळी पाने काढून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. मुळा, गाजर आणि बीट यांचा पाला आल्याबरोबर कापावा, कारण तो कंदातले पाणी ओढून घेतो. भेंडी, वांगी आणि काकडी फ्रीजच्या सर्वांत गार कप्प्यात ठेवू नयेत, त्यांवर डाग पडतात. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, भेंडी-गवार त्यानंतर आणि कोबी, सुरण शेवटी, असा क्रम ठेवावा. लाल भोपळा अखंड असेल तर महिनाभरही राहतो, चिरल्यावर मात्र दोन-तीन दिवसांत संपवावा.