प्रवासाला निघताय? : शेपूच्या देशात आठ दिवस

प्रश्न : ताई, आम्ही दोघं निवृत्त. जूनच्या शेवटच्या आठ दिवसांत एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया तिन्ही देश करायचे आहेत. मी पक्की शाकाहारी, हे अंडं खातात. जमेल का? आणि खायचं काय?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : जमेल, पण करू नका. आम्ही तसंच केलं होतं. लिथुआनियाची राजधानी विल्निअस ते लाटवियाची रिगा बसने चार तास, तिथून एस्टोनियाची टालिन आणखी साडेचार. आता ठाण्यात बसून आठवायला गेलं, तर बॅगा उतरवणं तेवढं आठवतं. पुढच्या वेळी गेलो ते एकट्या लिथुआनियाला.

खाण्याचं म्हणाल, तर विल्निअसला पहिल्याच दुपारी समोर चक्क राणी रंगाचं सूप आलं, थंडगार. नाव शाल्तिबार्श्चेई. ताकापेक्षा दाट, आंबूस असं केफिर, त्यात बीट, काकडी, उकडलेलं अंडं आणि वरून मूठभर कच्चा शेपू! सोबत वाफाळते बटाटे. जांभळी नाक्यावर शेपूची जुडी घेतली की नाक मुरडणाऱ्या आमच्या ह्यांनी वाडगा पुसून खाल्ला. तुम्ही अंडं नको म्हणून आधीच सांगा. 'बे मेसोस' म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठच करा. त्सेपेलिनाई हे बटाट्याचे लांबोडके गोळे पनीरसारखं सारण भरूनही मिळतात, पण वर फोडणीसारखं जे तळलेलं दिसतं ते बहुधा डुक्कर असतं. मी चमचा तोंडापाशी नेल्यावर विचारलं.

एक दिवस त्राकाईला द्या. विल्निअसपासून २८ किलोमीटरवर, तळ्यातल्या बेटावर लाल विटांचा किल्ला. गावात कराईम ह्या तुर्की भाषा बोलणाऱ्या छोट्याशा समाजाची लाकडी घरं आहेत, रस्त्याकडे तीन-तीन खिडक्या असलेली. १४व्या शतकाच्या अखेरीस ह्यांच्या पूर्वजांना क्रिमियातून आणून इथे वसवलं. त्यांच्या करंज्या, किबिनाई, मूळच्या मटणाच्या. पालकाच्या मिळाल्या तर घ्या.

भाषेची गंमत म्हणजे देवाला दिएवास, धुराला दूमाई. 'देवाने दात दिले, तो भाकरीही देईल' अशी त्यांची म्हण आहे. आपण चोच आणि चारा म्हणतो, एवढाच फरक.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. मुख्य मुक्काम ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज. तो सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तूप, पेढे मात्र बॅगेत भरू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत.

आणि हो, २४ जूनला तिथे सुट्टी असते. आमच्या मुक्कामाजवळचं दुकान बंद होतं, आदल्या दिवशी मी काही आणून ठेवलेलं नव्हतं. सूर्य दहा वाजेपर्यंत काही मावळेना, आणि आम्ही उकडलेले बटाटे घरून नेलेल्या मेतकुटात बुडवून खात बसलो होतो.