एफडीला दरवर्षी हप्ता नसतो, भाऊ

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वाचकांनी लांबलचक मेल केलाय, तो थोडक्यात असा. वय ३८, बुटीबोरीला कंपनीत नोकरी, हातात ५५ हजार येतात, घराचा हप्ता १८ हजार आणि कर्ज अजून १६ लाख बाकी. घरी बायको, सहा वर्षांची मुलगी आणि आई. माशांचा नाद शाळेपासूनचा. आता वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत ३० टाक्या लावून गप्पी, फायटर, एंजल यांचं ब्रीडिंग करायचंय, खर्च ४ लाख, आणि प्रश्न एवढाच की पर्सनल लोन घेऊ का होम लोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज.

आणि मेलच्या शेवटी ही ओळ: "रिस्क वाटत नाही सर, बँकेत एफडी आहे, दरवर्षी १ लाख भरतो, तिसरा हप्ता १५ मार्चला आहे, गरज पडली तर मोडीन."

भाऊ, एफडीला दरवर्षी हप्ता नसतो. एकदा पैसे ठेवायचे, व्याज घ्यायचं, संपलं. म्हणून मी तुमच्याकडून कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला आणि जी भीती होती तेच निघालं. ती एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली. १२ वर्षं हप्ता, २० वर्षं मुदत, विमा फक्त १० लाखांचा. मार्च २०२४ मध्ये तुम्ही एफडी करायला बँकेत गेलात आणि काउंटरवरच्या माणसाने "एफडीच आहे, वर इन्शुरन्स फ्री" म्हणून सह्या घेतल्या. असल्या केसेस माझ्याकडे सतत येतात आणि दर वेळी तितकाच संताप होतो, कारण यात फसतो तो लोभी माणूस नसतो, बँकेवर विश्वास ठेवणारा माणूस फसतो.

आता हिशोब. तुम्ही २ लाख भरलेत आणि तुम्हाला वाटतंय की ते कधीही २ लाख अधिक व्याज असे मिळतील. या टप्प्यावर सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर गॅरंटी साधारण भरलेल्या पैशाच्या ३० टक्क्यांची, म्हणजे ६० हजार. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या पॉलिसींसाठी सरेंडरचे नियम बरेच सुधारले, पण तुमची त्याआधीची. म्हणजे ज्या एफडीच्या भरवशावर तुम्ही ४ लाखांचं कर्ज काढायला निघालात ती नाहीच, आणि घरात अडीअडचणीचा दुसरा पैसाही नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

शेवटपर्यंत चालवली तर? १२ लाख भरून २० वर्षांनी, बोनस वगैरे आशेने धरूनसुद्धा, साडेसव्वीस लाखांच्या आसपास. हा साडेपाच टक्के दर झाला. तेच १२ हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी ठेवले असते तर ३३ लाख. ठीक आहे, मागचं गेलं, पण इथून पुढे बघितलं तरी ६० हजार सोडवून घेऊन उरलेले १० हप्ते पीपीएफमध्ये टाकले तर २७-२८ लाख होतात. म्हणजे आज इतकं नुकसान सोसूनही बाहेर पडणं वाईट नाही. आणि खरा मुद्दा तर व्याजाचा नाहीच. उद्या तुम्हाला काही झालं तर १० लाखांत घराचं कर्जसुद्धा फिटत नाही.

पण सरेंडर लगेच करू नका. आधी तक्रार. त्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर "एफडी, ८ टक्के" असं लिहून पाठवलेलं तुमच्याकडे आहे म्हणता, ते सोन्यासारखं जपा, स्क्रीनशॉट काढून दोन ठिकाणी ठेवा. बँकेला आणि विमा कंपनीला लेखी द्या की एफडी सांगून पॉलिसी दिली, सगळे पैसे परत करा. सोबत विमा नियामकाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंदवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर विमा लोकपाल, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी मिळाल्यावर न पटल्यास परत करायची, मुदत केव्हाच गेली त्यामुळे पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण लेखी पुरावा असताना प्रयत्न न करणं चूक ठरेल. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस असतो, म्हणजे तिसऱ्या हप्त्याचं ठरवायला १४ एप्रिलपर्यंत वेळ आहे.

तोवर १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवन विमा, घ्या, तुमच्या वयाला वर्षाला १५-२० हजार, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. सिगारेट, शुगर, बीपी जे असेल ते खरं लिहा. टर्म प्लॅन हातात आला की मगच जुनी सोडायची, आधी नाही. आरोग्य विमा फक्त कंपनीचा आहे, तो नोकरीसोबत जातो, म्हणून घरच्यांचा वेगळा काढा. आईंना शुगर आहे, त्यांच्या प्रीमियमचा आकडा बघून दचकाल, तरी चौकशी कराच.

आता मासे. लोन दोन्हीपैकी कुठलंच नको. ४ लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी म्हणजे महिना १३,७०० रुपये हप्ता. टॉप-अप स्वस्त पडेल पण त्यात घर अडकतं. आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, मासे नाही. नव्या टाकीत पाणी सेट व्हायलाच चार-सहा आठवडे, मग गप्पीला पिल्लं द्यायला महिनाभर, ती विकण्याजोगी व्हायला अजून तीन-चार महिने. म्हणजे पहिला मासा विकायच्या आत ८० हजारांवर हप्ते भरून झालेले असतील, तेही १८ हजारांच्या घरहप्त्याच्या वर.

महिना ३५ हजार कमाई तुम्ही दुकानातल्या भावाने काढलीय. दुकानदार तुम्हाला तो भाव देणार नाही, त्याच्याकडे चेन्नईच्या कोलाथूरचा आणि कोलकात्याचा माल येतो, तुमची स्पर्धा त्यांच्याशी आहे. एक तृतीयांश धरा, मग त्यातून मेलेली पिल्लं वजा करा. फायटरचे नर तर प्रत्येकी वेगळ्या बरणीत ठेवावे लागतात, ती जागा आणि रोजचं पाणी बदलणं तुमच्या हिशोबात दिसत नाही. आणि नागपूर आहे हे. मे अखेरीच्या नवतप्यात स्लॅबखालची खोली भट्टी होते, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि अमोनिया जास्त विषारी होतो, दुपारी दोन तास लाईट गेली आणि एअर पंप बंद पडला तर संध्याकाळी कामावरून येऊन काय दिसेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. डिसेंबरात उलट, ३० हीटर. इन्व्हर्टर, कूलर आणि लाईटबिल हे तिन्ही तुमच्या यादीत नाहीत.

वजनही बघा. दोन फुटी टाकीत ५५ लिटर पाणी, ३० टाक्या म्हणजे काच धरून २ टन. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने बांधतात, पूर्ण खोलीची सरासरी जेमतेम बसेल पण तीन मजली रॅकखाली तो भार पाचपट होतो. इंजिनियरला दाखवल्याशिवाय एकही रॅक लावू नका.

नाद खरा आहे, तुमच्या मेलमधल्या एंजलच्या अंड्यांच्या वर्णनावरून कळतं, तो मारू नका. सहा टाक्या, भिंतीकडेला, एकच एअर पंप आणि स्पंज फिल्टर, फक्त गप्पी, पगारातून, आणि एक अख्खा उन्हाळा काढा. तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात जाऊन प्रशिक्षणाचं विचारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरगुती शोभिवंत मासे युनिटची किंमत ३ लाख धरून खुल्या गटाला ४० टक्के, महिलांना ६० टक्के अनुदान ठेवलं होतं, सध्या अर्ज घेतात का ते जिल्हा मत्स्य कार्यालयात विचारा. पण अनुदान मिळेल म्हणून आधी कर्ज काढू नका, आधी पैसा आपला जातो.

तक्रारीचा मसुदा या रविवारपर्यंत लिहून मला पाठवा, मी बघून देतो.