भाच्याची शेतकरी कंपनी आणि मावशीचे १२ लाख

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त मुख्याध्यापिका, जुळे सोलापूरला राहते. पेन्शन ४१ हजार, दोघांचा घरखर्च ३६ हजार, फ्लॅट स्वतःचा. शिल्लक ३४ लाख : २२ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, ८ लाख एका पतसंस्थेत, ४ लाख बचत खात्यात. माझ्या बहिणीचा मुलगा मंगळवेढा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत संचालक आहे. ३१२ सभासद, प्रत्येकाचा हजार रुपयांचा शेअर. सभासदांची ज्वारी आणि तूर घेऊन, स्वच्छ करून पुण्याला विकतात. तो १२ लाख मागतोय, तीन वर्षांसाठी, १५ टक्क्यांनी. कंपनीचे पुढच्या तारखांचे चेक देतो म्हणतो. ‘मावशी, तुझे पैसे बँकेत कुजतायत, इथं शेतकऱ्याच्या तरी उपयोगी पडतील.’ माहेरच्या शेतीचं हक्कसोडपत्र मी भावांना करून दिलेलं आहे. देऊ का?

उत्तर : बाई, कंपनीला हे १२ लाख देऊ नका. भाचा फसवतोय असं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. धंदाही खरा आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, तेव्हा मालाला नाव आहे. पण त्याला ज्या कामाला पैसा हवाय त्या कामाचा हा पैसा नाही, आणि कायद्यानेही तो तुमच्याकडून कंपनीला घेता येत नाही.

आधी कायदा, कारण तिथेच निम्मा प्रश्न संपतो. उत्पादक कंपनीचे शेअर फक्त प्राथमिक उत्पादकाला मिळतात. तुम्ही हक्कसोड दिलंय, शेती करत नाही, म्हणजे सभासद होता येत नाही. अशा कंपनीला प्रेफरन्स शेअरही (लाभांशात अग्रहक्क असलेले) काढता येत नाहीत, भांडवल सगळं इक्विटीत, म्हणजे साध्या शेअरमध्येच. राहिलं कर्ज. उत्पादक कंपनी कायद्याने प्रायव्हेट लिमिटेड धरली जाते आणि बाहेरच्या व्यक्तीकडून घेतलेलं कर्ज ‘ठेव’ ठरतं. तशी ठेव घ्यायला तिला मनाई आहे. सूट आहे ती संचालकाला आणि संचालकाच्या नातेवाइकाला. आता नातेवाईक कोण? कंपनी कायद्याच्या यादीत नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र कुटुंबाचे सदस्य एवढेच येतात. मावशी त्यात नाही.

इथे कोणीतरी दोन पळवाटा सुचवेल. पहिली : ‘पैसे बहिणीला द्या, ती संचालकाची आई आहे, ती कंपनीला देईल.’ पण नातेवाइकाने पैसे देताना ‘ही रक्कम उसनवारीची नाही’ असं लेखी द्यावं लागतं. म्हणजे बहिणीला खोट्या कागदावर सही करायला लावायची. दुसरी : ‘मावशीलाच तज्ज्ञ संचालक करू.’ संचालक मंडळाला एक पंचमांशपर्यंत तज्ज्ञ संचालक घेता येतात, त्यांना सभासद असावं लागत नाही, आणि संचालकाचं स्वतःच्या पैशातलं कर्ज चालतं. ही वाट कायद्यात बसते. तरी मी ती घेऊ देणार नाही. कंपनीचे वार्षिक फॉर्म वेळेत गेले नाहीत तर ताळेबंदाच्या आणि वार्षिक विवरणाच्या फॉर्मवर दिवसाला प्रत्येकी १०० रुपये जादा फी चढत जाते, आणि कामचुकार कंपनीच्या संचालकांवरही कारवाई होऊ शकते. ६१ व्या वर्षी ते जोखड कशाला? वर, बँकेने कंपनीच्या मालावर आणि यंत्रावर बोजा चढवलेला असेल तर वसुलीत पहिला हक्क तिचा. विनातारण कर्ज देणारा संचालक रांगेत मागे.

पुढच्या तारखांच्या चेकचं म्हणाल, तर चेक परत आल्यावर ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवसांची मुदत, मग कोर्ट. खात्यात पैसे नसले की चेक हा कागदच.

आता १५ टक्क्यांकडे बघू, कारण तुम्हाला भुरळ त्याचीच पडलेली आहे. १२ लाखांचं वर्षाचं व्याज १ लाख ८० हजार. समजा ज्वारी ३,५०० रुपये क्विंटलने घेतली, तर १२ लाखांत साधारण ३४० क्विंटल येते. व्याज प्रत्येक क्विंटलवर पसरलं तर ५२९ रुपये. किलोला सव्वापाच रुपये नुसते व्याजाचे! अजून त्यात काडीकचरा-फुटीची घट, हमाली, बारदाना, पुण्याचं भाडं आणि व्यापाऱ्याची उधारी धरलेलीच नाही. भाचा म्हणेल, पैसा वर्षात दोनदा फिरवू. फिरत नाही. आपल्याकडे तूर डिसेंबर-जानेवारीत येते, ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही खरेद्या पाठोपाठ. पहिल्या मालाचे पैसे सुटण्याआधी दुसरा माल दारात. एप्रिलनंतर पैसा एकतर मालात अडकलेला किंवा खात्यात रिकामा, पण तुमचं व्याज मात्र बारा महिने चालू. असं व्याज दोनच मार्गांनी निघतं : शेतकऱ्याला कमी भाव देऊन, किंवा नव्या कर्जातून जुनं फेडून. पहिल्यात कंपनी काढायचा हेतूच बुडतो, दुसऱ्यात तुम्ही.

आणखी एक : ज्वारी खराब व्हायची शक्यताही हिशोबात धरा. काढणी-मळणीत पाऊस झाला की दाणा काळा पडतो, त्याला पुण्यात गिऱ्हाईक नाही. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असताना पोती थप्पीला लागली की आत उष्णता धरते, सोंडे-पोरकिडे (दाणा पोखरणारे किडे) होतात, आणि जूनच्या दमट हवेत पोत्याखाली पीठ दिसायला लागतं. त्यामुळे भाच्याला विचारा : ओलावा मोजायचं यंत्र आहे का, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब लावता का, कीड मारायची विषारी धुरी परवानाधारक माणूस देतो की गोदामातलाच पोरगा? तिसऱ्या प्रश्नावर गप्प बसला तर गोदाम कसं चालतं ते कळेल.

मग कंपनीने पैसा आणायचा कुठून? आधी सभासदांकडून. २०२० साली सुरू झालेल्या १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत सपाट भागासाठी किमान ३०० सभासद लागतात. यांचे ३१२ आहेत. कंपनी त्या योजनेखाली असेल, तर सभासदामागे २,००० रुपयांपर्यंतच्या भागभांडवलाला सरकार तेवढीच भर घालतं, कंपनीला कमाल १५ लाख. आज भांडवल ३ लाख १२ हजार. प्रत्येकाने आणखी हजार घातले तर ६ लाख २४ हजार, आणि भर अजून उचललेली नसेल तर वर तितकेच. म्हणजे कंपनीत नवे ९ लाख ३६ हजार, बिनव्याजी आणि परतफेडीशिवाय. ३१२ शेतकरी आपल्याच कंपनीत आणखी हजार रुपये घालायला तयार नसतील, तर सोलापूरच्या पेन्शनरबाईंनी १२ लाख का घालावेत, हे भाच्याला शांतपणे विचारा. माझ्या मते पूर्ण व्यवहाराची कसोटी हीच आहे.

तुरीसाठी दुसरा मार्ग. बाजार समित्यांच्या शेतमाल तारण योजनेत शेतकरी माल गोदामात ठेवतो आणि तुरीच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलतो. ७,००० च्या क्विंटलवर ५,२५० हातात, सहा महिन्यांचं व्याज १५७ रुपये ५० पैसे. जवळची समिती ही योजना राबवत असेल तर कंपनीने पडत्या भावात रोखीने खरेदी करायची गरजच उरत नाही. शेतकऱ्याची नड भागते आणि माल भाव आल्यावर कंपनीमार्फत विकता येतो. नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती असेल तर तीवर बँकाही कर्ज देतात. सफाई-प्रतवारीच्या यंत्राला आणि गोदामाला कृषी पायाभूत सुविधा निधी बघावा : दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त सात वर्षं ३ टक्के व्याजसवलत, बँकेचा दर ९ असेल तर हातात ६ पडतो. या निधीतून खेळतं भांडवल मात्र मिळत नाही, हे लोक विसरतात आणि यंत्र आणून बसवतात, मग त्यात घालायला ज्वारी घ्यायला पैसे नसतात. भाच्याच्या कंपनीचं नेमकं हेच झालेलं असावं, असा माझा कयास आहे.

बँकेने जामीनदार मागितला तर ‘मावशीची सही’ हा पर्याय नको. त्याच केंद्रीय योजनेत दोन कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला पतहमीची (कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाईच्या हमीची) सोय आहे, बँक मॅनेजरला त्याबद्दल विचारायला सांगा. आणि ‘कंपनीला नको तर थेट चार शेतकऱ्यांना व्याजाने दे’ असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. विनापरवाना व्याजाचा धंदा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात गुन्हा आहे. शेतकऱ्याच्या विनातारण कर्जाला परवानाधारक सावकारालाही १२ टक्क्यांचीच मर्यादा घातलेली आहे.

तुमच्या स्वतःच्या पैशात मला भाच्यापेक्षा पतसंस्थेची काळजी जास्त वाटते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तुमचे ८ लाख तिथे पडलेत. मुदत संपेल तशी रक्कम काढा, आज मुदतीआधी मोडून काय कापलं जातं तेही विचारा; थोडं नुकसान झालं तरी मी काढीन. त्यात एफडीतले ७ लाख मिळवून १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के झाला. त्या दराने तिमाहीला ३०,७५० रुपये येतात, पाच वर्षं दर बदलत नाही, फक्त भरण्याच्या दिवशीचा दर पाहून घ्या. मधे मोडायची वेळ आली तर पहिल्या वर्षानंतर दीड टक्का आणि दुसऱ्यानंतर एक टक्का कापतात. बचत खात्यातले ४ लाख तसेच राहू द्या, दोघांच्या दवाखान्याला तेवढे हाताशी हवेतच.

शेतकऱ्याला हातभार लावायची तुमची इच्छा खरी आहे आणि तिला एक कायदेशीर, स्वस्त वाट आहे : गिऱ्हाईक व्हा. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली तर ती ठेव धरली जात नाही. तुमच्या सोसायटीत आणि निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपमध्ये ८० घरं जमवा. सोलापूरकराच्या घरी भाकरी रोजची, महिन्याला ५ किलो धरली तरी वर्षाला ६० किलो, म्हणजे ३० किलोची दोन पोती. किलोला ४५ रुपये ठरले तर घरटी २,७००, एकूण ४८ क्विंटलचे २ लाख १६ हजार. शेतकऱ्याला ३,५०० मिळून कंपनीकडे किलोमागे १० रुपये उरतात. त्यात घट, बारदाना आणि मंगळवेढा-सोलापूर भाडं बसतं, व्याज शून्य. पोतं ३० किलोचंच घ्या : २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पाकिटाला ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्याला नाही.

पैसे कंपनीच्या खात्यातच, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, निम्मेच. उरलेले पोतं उतरल्यावर. पावतीवर एवढं लिहून घ्या : मालदांडी, नवी, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, निव्वळ वजन ३० किलो, पहिलं पोतं १५ एप्रिलपर्यंत, दुसरं दिवाळीआधी, काळा किंवा किडका माल परत, आणि माल न आल्यास ३० एप्रिलला रक्कम परत. दुसरं पोतं लांबवायचं कारण साधं आहे : ८० घरांनी ६० किलो ज्वारी एकदम फ्लॅटमध्ये ठेवली तर ऑगस्टमध्ये सोंडे तुमच्याच स्वयंपाकघरात फिरतील.

बोलणी सुरू करायच्या आधी कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून तिचे कागद बघा. गेल्या दोन वर्षांचे ताळेबंद भरलेत का, बोजा कुणाचा आहे, आणि ‘येणे’ या सदरात पुण्याच्या व्यापाऱ्यांकडे किती पैसे अडकलेत. तो शेवटचा आकडा १२ लाखांच्या आसपास निघाला तर भाच्याला कर्जाची नाही, वसुलीची गरज आहे, आणि मग तुमच्या ८० घरांचे २ लाखही निम्म्याने कमी करा.