टॉप फुगला, मासे उडाले, आता काय?

प्रश्न: सर, माझी माशांची ३ फुटी टाकी आहे, ३६ बाय १२, उंची १५ इंच. दुकानातला तयार टॉप, म्हणजे टाकीवरचं लाईट बसवायचं झाकण, मापात बसेना, घरात फर्निचरचं काम चालूच होतं म्हणून सुताराकडूनच प्लायचा टॉप करून घेतला, वरून सनमायका. एका पावसाळ्यात खालच्या कडा फुगल्या, सनमायका सुटला, झाकण वाकलं आणि मागे जी फट पडली तिथून दोन पर्ल गोरामी उडाले, सकाळी टीव्हीच्या मागे सापडले. आता स्वतःच करायचं ठरवलंय. मटेरियल कोणतं घेऊ, लाईट कशी बसवू, आणि सगळं पॅक करू की हवेला जागा ठेवू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: गोरामींचं वाईट वाटलं. पण सुताराला शिव्या घालू नका, त्याने नेहमीसारखं कपाट करून दिलं, खाली शंभरेक लिटर पाणी दिवसरात्र वाफ सोडत बसणार आहे हे त्याला कोणी सांगितलंच नसणार. टॉपची वाट शिंतोड्यांनी लागत नाही, वाफेने लागते, आणि प्लायची कापलेली कड म्हणजे उघडं तोंड, तिथून तो पाणी पितच राहतो. मरीन प्लाय जरा जास्त टिकतो एवढंच, कडा सील केल्या नाहीत तर तोही काळा पडतो.

पीव्हीसी फोम शीट घ्या, मॉड्युलर किचनवाले सिंकखाली वापरतात ना ती पांढरी. अख्खी ८ बाय ४ ची विकत घेऊ नका, त्यांच्याकडे १० ते १२ एमएमचे कटपीस पडलेले असतात, गोड बोललात तर स्वस्तात मिळतात. हॅक्सॉ ब्लेडने आरामात कापली जाते, जोडायला प्लंबरचं पीव्हीसी सोल्युशन चालतं. फक्त ३ फूट लांबीला ती मधे झोळ खाते, म्हणून आतून मधोमध, लांबीच्या दिशेने, एक पट्टी कडेवर उभी करून चिकटवा. अ‍ॅक्रिलिकच्या भानगडीत पडू नका, खालून ओलं आणि वरून कोरडं असलं की ते वाकतं, आणि परत तुमची फट तयार.

आता खरी गंमत टॉप काचेवर बसतो कसा यात आहे. मी पहिला टॉप केला तेव्हा डब्याच्या झाकणासारखा केला, काचेच्या बाहेरून खाली उतरणारा. दिसायला एक नंबर. महिन्याभरात आतल्या भिंतीवरून ओघळलेलं पाणी काचेच्या बाहेरून खाली जायला लागलं आणि टाकीखालचं कपाटच फुगलं. मग एक दिवस स्वयंपाकघरात वरणाच्या पातेल्यावरची ताटली उचलली, तिच्याखालचं सगळं पाणी परत वरणात पडलं, आणि डोक्यात प्रकाश पडला! तर तसं करा: टॉपच्या आतल्या बाजूने चारही कडांना इंचभर रुंद पट्टी अशी चिकटवा की ती काचेच्या आत लोंबेल आणि टॉपचं वजन काचेच्या कडेवर येईल. थेंब पट्टीवरून सरळ टाकीत. पट्टी आणि काच यात २-३ एमएम सूट ठेवा, आणि माप चारही बाजूंना वेगवेगळं घ्या, कर्णसुद्धा मोजा, कारण आपल्याकडच्या टाक्या गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, असतीलच असं नाही.

हवा पाहिजेच. गोरामी, फायटर हे पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे मासे, त्यांना पाणी आणि झाकण यात निदान दीड-दोन इंच मोकळी जागा लागते. मागच्या बाजूला वर लांबट खाच ठेवा, आणि फिल्टरच्या पाइपसाठी जे भोक पाडाल त्यात पाइपभोवती फिल्टरचा स्पंज दाबून बसवा. मासे नेमके तिथूनच पळतात, केवढ्याशा जागेतून जातात बघून विश्वास बसत नाही. पुढचा एक तृतीयांश भाग खायला घालायला उघडता ठेवा, प्लास्टिकची बिजागरी लावा, स्क्रू लागलेच तर स्टेनलेस स्टीलचे, एसएस ३०४ चे.

लाईटचं गणित सोपं आहे. १२ व्होल्टची ५०५० एलईडी पट्टी मीटरला साधारण १४ वॉट खाते, तुम्हाला ८५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या लागतील म्हणजे २४-२५ वॉट, २ अँपिअर झाले, अडॅप्टर ३ चा घ्या म्हणजे तापणार नाही. पट्टी मागच्या गमच्या भरवशावर सोडू नका, वाफेने सुटून पाण्यात पडते, अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये घालून टोकं सिलिकॉनने बंद करा. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं साधं घ्या, बाथरूमचं बुरशीरोधक अजिबात नको, ते माशांना घातक. पूर्ण सुकेपर्यंत, निदान २४ तास, टॉप टाकीवर ठेवू नका. अडॅप्टर टाकीच्या बाहेर, आणि वायर प्लगमध्ये जाण्याआधी प्लगच्या खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब तिथेच खाली पडेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर टॉप राहू दे बाजूला, आधी तो बसवून घ्या.

प्रश्न: मे महिन्यात पाणी ३३-३४ डिग्रीला जातं, टॉपमुळे जास्त तापतंय का? टॉपमध्ये फॅन बसवू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: बंद टॉप वाफ अडवतो म्हणून पाणी थंड होत नाही, तेवढा वाटा त्याचा आहेच. फॅन जरूर बसवा, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा १२० एमएमचा, पाण्यावर तिरपा वारा मारेल असा, आणि समोरच्या टोकाला हवा बाहेर पडायला जाळी. तुमच्याकडे कूलर जसा काम करतो तसंच हे, कोरड्या हवेत दोन-तीन डिग्री सहज उतरतात. मुंबईवाल्यांनी वाचून लगेच फॅन आणायला धावू नये, मुंबईत कूलर जेवढा उपयोगी तेवढाच हा. एक मात्र आहे, पाणी भराभर उडेल पण क्षार खालीच राहतील, त्यामुळे रोजची भर आरओच्या पाण्याने घाला आणि ठरलेलं पाणी बदलणं चालूच ठेवा.

प्रश्न: आजोबांच्या जुन्या पेटीच्या पितळी बिजागऱ्या आहेत, टॉपला लावल्या तर? टाकीत श्रिंप आहेत.
– एक वाचक, सांगली

उत्तर: पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि तांब्याला श्रिंप फार नाजूक, वाफ बिजागरीवर जमून थेंब टाकीतच पडणार. टाकीखालच्या कपाटाच्या दाराला लावा, तिथे झक्क दिसतील.