पुण्यात घरून भेटवस्तू खरेदी करून देण्याची सेवा सुरू करायची आहे. माल किती भरावा आणि नफा किती लावावा?

तुम्ही लिहिलंय की हातात ५०,००० रुपये आहेत, घर पुण्यात आहे, आणि लोकांसाठी भेटवस्तू निवडून, विकत घेऊन, बांधून पोहोचवायचं काम सुरू करायचं आहे. माल किती भरून ठेवावा आणि वस्तूवर किती टक्के नफा लावावा, हे तुमचे दोन प्रश्न.

दोन्हींचं उत्तर एकच: शून्य. माल भरू नका आणि वस्तूवर नफा लावू नका. वस्तू दुकानदार विकतो. तुम्ही विकायची ती निवड, पायपीट आणि जबाबदारी, आणि त्याची फी उघडपणे घ्यायची. समईवर गुपचूप ३०० रुपये चढवलेत तर ज्या घरी ती जाईल तिथलीच एखादी मावशी तुळशीबागेतला खरा भाव सांगेल, आणि ते गिऱ्हाईक परत येणार नाही. ६०० रुपये फी समोर लिहून घेतलीत तर कुणी हुज्जत घालत नाही. हे एकदा ठरलं की हिशेब, जीएसटी, दुकानदारांशी वागणं, सगळं सोपं होतं.

दुकानदार ओळखीचा झाला की कमिशन देऊ करतो. ते घेऊ नका, तेवढी सूट बिलातच कमी करायला सांगा. कमिशन सुरू झालं की पाय आपोआप त्याच दुकानाकडे वळतात, आणि निवड हीच तर तुमची विक्री आहे.

आता फी. एका साध्या कामाला फोनवर २० मिनिटं, पर्याय शोधायला पाऊण तास, बाजारात जाऊन येऊन अडीच तास, बांधणीला तास आणि कुरिअरला अर्धा तास धरा. म्हणजे पाच तास. त्यामुळे ६०० रुपयांखाली काम घेऊ नका. वस्तूची किंमत ४,००० पर्यंत असेल तर सरसकट ६००, त्यापुढे २०,००० पर्यंत १५ टक्के, आणि त्याहून महाग वस्तूला १० टक्के पण किमान ३,०००, असा दर सुरुवातीला चालतो. बांधणी आणि कुरिअर वेगळं, जेवढा खर्च तेवढंच. कमाई खरी वाढते ती कामं एकत्र केल्यावर. आठवड्यात बाजाराचे दोनच वार ठरवा आणि एका फेरीत तीन-चार कामं उरका. वार ठरवण्याआधी त्या त्या पेठेची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या.

वस्तूची पूर्ण किंमत आधी हातात आल्याशिवाय खरेदी करायची नाही, फीपैकी निम्मी आधी आणि निम्मी पोहोचल्यावर. बजेट सांगताना बांधणी, कुरिअर आणि फी धरून की सोडून, हे पहिल्याच फोनला विचारा. पाच हजार म्हणणाऱ्या दहांतल्या निम्म्यांच्या मनात सगळं मिळून पाच हजार असतात, बाकीच्यांच्या मनात वस्तूचे. इथे जो घोळ होतो तो शेवटपर्यंत निस्तरत नाही.

दुकानाचं बिल गिऱ्हाइकाच्या नावाने घ्या आणि तुमच्या बिलात वस्तूची किंमत वेगळ्या ओळीत, जशीच्या तशी दाखवा. जीएसटीच्या नियम ३३ मध्ये यालाच ‘प्युअर एजंट’ म्हणतात. अट अशी की तुम्ही गिऱ्हाइकाच्या वतीने खरेदी करता असा करार हवा, वस्तूची मालकी तुमच्याकडे येता कामा नये, आणि जेवढे पैसे दिले तेवढेच वसूल व्हायला हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा दोन ओळींचा करार असला तरी लेखी ठेवा. मग तुमची उलाढाल म्हणजे फक्त फी, आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. उलट स्वतः विकत घेऊन बेंगळुरूला हॅम्पर विकू लागलात तर वस्तूची आंतरराज्य विक्री होते. हस्तकलेच्या काही वस्तू सोडल्या तर त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. एकदा सीएकडे बसून हे तुमच्या बाबतीत पक्कं करून घ्या.

बाकी कागद थोडेच. मोजकीच माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्याची पावती बँकेत चालू खातं उघडताना कामी येते. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पैसे मागणारे मध्यस्थ असतात. फराळ सुटा घेऊन स्वतःच्या डब्यात भरणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागेल. नसेल करायची तर दुकानाचं सीलबंद पाकीट तसंच ठेवा.

खरं कौशल्य लागतं ते माहिती काढण्यात. ‘आईची साठी आहे, काहीतरी छान बघा’ एवढ्यावर बाजारात गेलात तर चांदीचं निरांजन-ताम्हण घेऊन याल, आणि त्या घरात तशी चार असतील. पहिल्या फोनला हे विचारा: घर केवढं आहे आणि मांडायला जागा आहे का, वस्तू पुसायला-घासायला कोण असतं, गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी काय दिलं, त्यातलं काय प्रत्यक्ष वापरात आहे. मधुमेह आहे का. जैन घर असेल तर चामडं आणि मध नको, काहींना रेशीमही चालत नाही. लग्नकार्यात काळा रंग टाळणारी घरं आहेत, संक्रांतीला तोच मुद्दाम लागतो. सुरी-कात्री भेट दिलेली कित्येकांना खपत नाही. साडी असेल तर नऊवारी की सहावारी, आणि ब्लाउज शिवायला दिवस उरलेत का. शेवटचा प्रश्न कधीही चुकवू नका: भेट घेणाऱ्याने अलीकडे ‘हे घ्यायचं राहून गेलं’ असं कशाबद्दल म्हटलंय? निम्मं काम तिथेच होतं.

पर्याय तीनच पाठवा. फोटो, किंमत, मिळायला लागणारे दिवस, आणि प्रत्येकाखाली एका वाक्यात ‘हे का’. सात पाठवले तर गिऱ्हाईक घरच्या ग्रुपवर टाकतं आणि आठवडा तिथेच जातो. होकार लेखी घ्या. दुकानात भाव थोडा वर असेल तर न विचारता किती टक्क्यांपर्यंत जायचं तेही आधी ठरवा, ५ टक्के पुरतात.

खरेदीत पारख लागते. तांब्याची भांडी कसब्यातल्या तांबट आळीत घेतलीत तर मठारकामाचे ठोके बोटांनी चाचपा. हाताचे ठोके अगदी एकसारखे नसतात, साच्यातले एका मापाचे दिसतात. आत कल्हई नसेल तर त्यात आंबट पदार्थ ठेवू नये, ही चिठ्ठी भेटीत घालाच. पितळेवर लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक थर) असेल तर पितांबरीने घासू नये, हेही लिहा. पैठणीचा पदर उलटा करून बघा: हातमागाच्या पदराची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, मागे धागे मोकळे लोंबत असतील तर ती सेमी पैठणी. सेमी घेणं वाईट नाही, पण गिऱ्हाइकाला तसं सांगून घ्या. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) असतो, तो दुकानात उभं राहूनच बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. दागिना तुम्ही कुरिअरने पाठवायचा नाही, हातोहात द्यायचा आणि सही घ्यायची. कुठलीही वस्तू घेताना बदलून मिळण्याची मुदत बिलावरच लिहून घ्या, तोंडी ‘आणा हो, बघू’ उपयोगाचं नाही.

किमतीचं लेबल काढणं हे क्षुल्लक वाटतं, पण भेटीचा विचका सगळ्यात जास्त तिथे होतो. ओरबाडून काढलं तर अर्धा कागद चिकटून राहतो आणि त्यावरचे आकडे वाचता येतात. केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट द्या, कोपरा नखाने उचला आणि सावकाश, वस्तूला समांतर ओढा. राहिलेला डिंक निलगिरी तेलाच्या बोळ्याने पुसा. थिनर वापरू नका, लॅकर आणि रंग दोन्ही जातात. मग डब्याच्या तळाला, झाकणाच्या आत आणि पिशवीत हात घालून बघा, दुसरं लेबल किंवा बिलाची प्रत तिथे असते.

कार्डावरचं नाव म्हणजे दुसरी अवघड जागा. ती., चि., चि. सौ. कां., श्रीमती यांतलं काय लिहायचं ते गिऱ्हाइकाकडून लिहून घ्या, अंदाज करू नका. नवरा गेल्याला महिनाच झालाय आणि कार्डावर ‘सौ.’ गेलं, तर आतल्या वस्तूकडे कुणी बघत नाही. ‘गं. भा.’ अनेकींना आता नको असतं, तेही विचारा. नाव कोरायचं असेल तर ऱ्हस्व-दीर्घासकट लेखी होकार मिळाल्यावरच कारागिराकडे द्या. तांब्यावर कोरलेली वेलांटी पुसता येत नाही.

कुरिअरचा खर्च खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त त्यावर लागतो. आकारमानाचं वजन काढायला बहुतेक ठिकाणी लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ५,००० ने भागा. ४५ × २० × २० चा खोका म्हणजे ३.६ किलो, आत समई दोन किलोचीच असली तरी. म्हणून समईचे फिरकीचे भाग सुटे करा, प्रत्येकाला वेगळा बबल रॅप गुंडाळा, आखूड खोका घ्या. खोका पाच पदरी पुठ्ठ्याचा घ्या, तीन पदरी खोक्याचा कोपरा दबतो. चारही बाजूंनी बोटभर नव्हे, पाच सेंटिमीटर भरण ठेवा. बंद खोका हलवून बघा, आवाज आला तर उघडा. अत्तर-परफ्यूम आणि लिथियम बॅटरीच्या वस्तू विमानाने नेण्यावर बंधनं असतात, म्हणून आधी विचारा. खव्याची मिठाई गावाबाहेर पाठवूच नका, सुका मेवा किंवा चिक्की पाठवा.

तुमच्या ५०,००० पैकी सात-आठ हजारांत बोहरी आळीतून खोके, बबल रॅप, दोन इंची टेप, साधे कागद आणि दोन रंगांच्या फिती येतील. छापील डबे हजारात घेऊ नका. दहा-पंधरा हजार हाताशी ठेवा, कारण कधीतरी वस्तू फुटेल आणि ती तुमच्या खर्चाने, त्याच दिवशी बदलून द्यावी लागेल. बाकीच्याला पहिले सहा महिने हात लावू नका.

हंगामाचं भान हवं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाचं वाण २५ ते १०० नगांत लागतं, ते गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घेऊन डिसेंबरातच घाऊक घ्या. जानेवारीत हवा तो रंग मिळत नाही. अधिक मास साधारण पावणेतीन वर्षांनी येतो: २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात लग्नं थांबतात, पण जावयाच्या वाणाला तेहतीस अनारसे आणि चांदी-तांब्याचं ताट-दिवा लागतो. दिवाळीची नवी कामं पंधरा दिवस आधी बंद करा. शेवटच्या आठवड्यात कुरिअर रखडतं आणि बोल तुम्हाला लागतो.

गिऱ्हाईक शोधायला जाहिरातीची गरज नाही. परदेशात असलेली मुलं आणि इथे एकटे राहणारे आईवडील असलेल्या घरांपासून सुरुवात करा. त्या मुलांना वस्तू ऑनलाइनही मागवता येते. त्यांना हवं असतं ते कुणीतरी दार वाजवून, दोन मिनिटं बसून, भेट हातात देणं. पैसे त्यांनी भारतातल्या एनआरओ किंवा एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्यातून दिले की व्यवहार सोपा राहतो. पोहोचल्याचा फोटो पाठवा, मात्र आजी-आजोबांना विचारून, आणि तो इन्स्टाग्रामवर टाकू नका. या लोकांचे पत्ते, वाढदिवस, घरी कोण एकटं असतं, हे सगळं तुमच्या फोनमध्ये असणार आहे, तेव्हा ते कुणाच्या हाती जाणार नाही याची व्यवस्था पहिल्या दिवशीच करा.

प्रत्येक घराची एक वही किंवा एक्सेल ठेवा: कुणाला, कधी, काय, किती रुपयांचं, आणि आवडलं का. वाढदिवस तिथीने करतात की तारखेने तेही लिहा. २१ दिवस आधी गिऱ्हाइकाला आठवण करा. वर्षभरात त्या वहीत कुणाची साठीशांत जवळ आलीय, कुणाला ८० पूर्ण होऊन सहस्रचंद्रदर्शन लागलंय, कुणाकडे मुंज आहे, हे तुम्हाला दिसू लागेल, आणि आजोबांना मागच्या वर्षी शाल दिली होती हे त्यांच्या मुलाच्या आधी तुम्हाला आठवेल.